मी बोलून विसरलो, तो विसरला नाही

वाचन: नीतिसूत्रे १८:२१, गणना १३:२५ ते १४:१०, मत्तय ५:२१-२४, योहान २१:१५-१९



जीवन आणि मरण जिभेच्या हातात आहे, हे नीतिसूत्रांतलं वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. संडेस्कूलमध्ये ते न अडखळता म्हणून दाखवल्याबद्दल मला बॉलपेन मिळालं होतं. पुढे यूथ मीटिंगमध्ये यावर दोनदा मेसेजही दिला. तरी गेल्या मंगळवारपर्यंत हे वचन मला कळलेलं नव्हतं, असं आता वाटतं.

मंगळवारी रात्री जेवताना बायको म्हणाली, "एक सांगायचंय, पण चिडू नकोस."

माझा धाकटा भाऊ कल्याणला आईसोबत राहतो. भिवंडीच्या एका गोदामात कामाला आहे. कामात चोख आहे, पण वरच्या पोस्टसाठी ग्रॅज्युएशन लागतं आणि ते त्याचं झालेलं नाही. गेली तीन वर्षं तो मुक्त विद्यापीठाचा बी.कॉम.चा फॉर्म भरतो. नाव, पत्ता, बारावीचे मार्क, फोटो, सही, सगळं अपलोड करतो. फी भरायचं पान आलं की लॅपटॉप मिटतो. यंदा त्याच्या बायकोनं विचारलं, अडतं कुठे? पैसे तर आहेत. तेव्हा तो म्हणाला, "दादा बोलला होता ना, माझ्याकडून नाही होणार."

तिनं ते माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला.

खरं सांगतो, मला ते वाक्य आठवतच नव्हतं. जेवण तसंच ठेवून बसलो, तेव्हा हळूहळू सगळं दिसायला लागलं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याणच्या घरातलं किचन. भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याला चार केट्या लागल्या होत्या. बाबा नुकतेच रिटायर झाले होते, माझी पहिली नोकरी होती, माझ्याच एज्युकेशन लोनचे हप्ते चालू होते. तो रिझल्ट घेऊन आला. आई काही बोलली नाही. मी बोललो. बरंच बोललो असेन, पण त्याच्याजवळ राहिलं ते एवढंच. "सोडून दे. तुझ्याकडून नाही होणार." आणि त्यानं खरंच सोडून दिलं. आम्ही घरात सगळे म्हणायचो, त्याला अभ्यासात इंटरेस्ट नव्हता.

मी बोलून विसरलो. त्यानं ते वाक्य अकरा वर्षं सांभाळून ठेवलं. आता तर ते मला म्हणावंही लागत नाही, तो स्वतःच म्हणतो.

गणना १३ मध्ये नेमकं हेच होतं. बारा हेर कनान देश बघून येतात. दहा जण म्हणतात, तिथली माणसं राक्षसासारखी आहेत, त्यांच्यापुढे आम्ही टोळ. वचन ३३ नीट वाचा. आधी ते स्वतःच्या नजरेत टोळ झाले आणि मग म्हणाले, त्यांच्याही नजरेत आम्ही तसेच होतो. त्या देशातल्या कुणी त्यांना टोळ म्हटल्याची नोंद नाही. पण छावणीत ते वाक्य एकदा बोललं गेल्यावर रात्रभर रडारड झाली. कालेब आणि यहोशवा ओरडून सांगत होते की आपण जाऊ शकतो. ते कुणाला ऐकूच गेलं नाही, उलट लोक दगड घेऊन उठले. दहा माणसांचं बोलणं, आणि एक अख्खी पिढी चाळीस वर्षं रानात. हा भाग मी आधी नेहमी "विश्वास ठेवा" या मुद्द्यासाठी वाचायचो. आता मला त्यात ते दहा जण दिसतात. ते काही खोटं बोलत नव्हते. शहरं खरंच तटबंदीची होती. चार केट्याही खऱ्याच होत्या.

आता मी पुढे काय केलं ते सांगतो, आणि इथे थोडी लाज वाटते.

आपल्याकडे ठाणे-कल्याण पट्ट्यात, आणि यूट्यूबवर तर फारच, एक शिकवण चालते. जे तोंडानं कबूल कराल तेच होईल. रोज सकाळी घोषणा करा: माझं प्रमोशन माझं आहे, माझा फ्लॅट माझा आहे. आणि चुकून काही नकारात्मक बोललात तर लगेच म्हणा, येशूच्या नावात मी ते शब्द रद्द करतो. हे मूळचं आपल्या मंडळ्यांतलं नाही. अमेरिकेतल्या केनेथ हेगिन यांच्यासारख्या प्रचारकांच्या पुस्तकांतून आणि कॅसेटींतून ते जगभर गेलं, तसं इथेही आलं. मी त्यावर हसत नाही. सतत रडगाणं गाणाऱ्या कित्येकांना या शिकवणीनं निदान तोंड सांभाळायला लावलं. मार्क ११:२३ मध्ये डोंगराशी बोलण्याबद्दल प्रभू स्वतः सांगतो, हेही खरं. पण तोच प्रभू गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि तो प्याला टळत नाही. पौल आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती करतो आणि उत्तर वेगळंच येतं. शब्द म्हणजे देवाला चालवायचा रिमोट असता, तर हे दोघे तो दाबायला विसरले असं म्हणावं लागेल.

तर बुधवारी रात्री सगळे झोपल्यावर मी हॉलमध्ये उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, प्रभू येशूच्या नावात मी ते शब्द रद्द करतो. दोनदा म्हणालो. मग पाणी प्यायलो आणि मला माझंच हसू आलं. अरे, ऐकलं कुणी? मी डोंबिवलीत, रात्री बारा वाजता, पंख्याखाली. आणि ते वाक्य ज्याच्या आत आहे तो कल्याणला झोपलाय. आमच्या कामात असं असतं की चुकीचा कोड सर्व्हरवर चढला, तर तो तिथे जाऊन मागे घ्यावा लागतो. स्वतःच्या लॅपटॉपवरची फाइल डिलीट करून सर्व्हरवरचं काही बदलत नाही. मी तेच करत होतो.

उत्पत्ती २७ आठवा. इसहाकानं एसाव समजून याकोबाला आशीर्वाद दिला. फसवलं गेलोय हे कळल्यावर म्हातारा थरथर कापला, पण दिलेला शब्द त्याला परत घेता आला नाही. हिब्रूत 'दाबार' या एकाच शब्दाचा अर्थ बोलणं असाही होतो आणि वस्तू किंवा घटना असाही. बोललेली गोष्ट घडलेली गोष्ट असते. मला वाटायचं, हे जुन्या लोकांचं काहीतरी असेल. पण माझ्या भावाच्या बाबतीत माझं वाक्य हा 'विचार' किंवा 'मत' नव्हतंच. ती एक घडलेली गोष्ट होती, जसा एखाद्याचा पाय मोडतो.

गुरुवारी सकाळी लोकलमध्ये, डोंबिवली ते ठाणे, एका हातात कडी आणि एका हातात मोबाइल, असं मत्तयाचा ५ वा अध्याय वाचला. डोंगरावरील प्रवचन. खून करू नको या आज्ञेपाशी प्रभू थांबतो आणि खुनाच्या ओळीत बसवतो भावाला उद्देशून बोललेला एक शब्द. मूळ ग्रीक मजकुरात 'राका' हा अरामी शब्द तसाच ठेवलाय. त्याचा अर्थ साधारण रिकाम्या डोक्याचा, बिनकामाचा. शिवी म्हणून फार मोठी नाही. घरात, मस्करीत, वैतागून म्हणतो तसलीच. माझं वाक्य त्यापेक्षा सभ्य होतं. पण अर्थ तोच होता, आणि समोर भाऊच होता.

मग वचन २३ आणि २४. तू वेदीजवळ अर्पण घेऊन उभा आहेस आणि तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. इथे दोन गोष्टी मी कधी पाहिल्याच नव्हत्या. एक, इथे तुला राग आहे की नाही हा प्रश्नच नाही. त्याच्या मनात काही आहे, एवढं पुरे. मी म्हणू शकलो असतो की बाबा रे, माझ्या मनात काहीच नाही, मी तर विसरूनही गेलो. प्रभू म्हणतो, ते विचारलं नाही. दुसरी गोष्ट अंतराची. हे ऐकणारे लोक गालीलातले. वेदी यरुशलेमात. शंभराहून जास्त किलोमीटर, पायी तीन-चार दिवस. म्हणजे अर्पणाचं जनावर तिथेच सोडून चालत घरी जायचं, भावाशी बोलायचं आणि परत यायचं. प्रभूनं असं नाही सांगितलं की वेदीपाशीच डोळे मिटून मनातल्या मनात त्याला बोल.

आणि मला डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. दोन स्टेशनं. रविवारी मी क्वायरमध्ये पुढे उभा राहून गातो. मधली ही दोन स्टेशनं अकरा वर्षांत मी शेकडो वेळा पार केली असतील, आईला औषधं द्यायला, सणाला, वाढदिवसाला. बोललो नाही, कारण मला माहीतच नव्हतं. याकोब तिसऱ्या अध्यायात म्हणतो की ज्या तोंडानं देवाची स्तुती करतो त्याच तोंडानं देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप देतो. मी हे नेहमी "शिव्या देऊ नका" असं वाचलं. शाप असा दिसतो, शांत आवाजात, किचनमध्ये, मोठ्या भावाच्या काळजीनं, हे लक्षात नाही आलं.

जाता जाता कल्याणबद्दल एक सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या सगळ्यांना त्यांच्या गाण्यांमुळे माहीत आहेत. त्यांचं प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात आपल्या कल्याणातच झालं, हे किती जणांना माहीत आहे? मला वाचेपर्यंत नव्हतं. पुढे मोठेपणी, विद्वान म्हणून नाव झालेलं असताना, ते रेल्वेनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक मिशनरी होता. तो या ब्राह्मण पंडिताशी आदरानं बोलला. उतरण्याआधी त्यानं नवा करार हातात दिला, हे वाचा म्हणाला, आणि म्हणाला की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते अशक्यच वाटलं असणार. पण शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं आणि अडकले ते याच डोंगरावरील प्रवचनापाशी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट मी पूर्वी 'भविष्यवाणी खरी ठरली' अशी सांगायचो. आता तशी सांगवत नाही. त्या प्रवाशाच्या तोंडात काही जादू नव्हती. मधला सगळा काळ टिळक वाचत होते, झगडत होते, प्रार्थना करत होते. आणि त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी किती मोजली ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना माहीत आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं त्या कोसळल्या होत्या. त्या स्वतः प्रभूकडे आल्या त्या पाचेक वर्षांनी, आपल्या वाटेनं. टिळकांचा स्वभाव किती तापट होता हेही त्यांनी लपवलेलं नाही. इतके गोड अभंग लिहिणाऱ्या माणसाची जीभ घरात तशीच असेल असं नाही, हे वाचून मला तर थोडा दिलासाच मिळाला. पण तो डब्यातला माणूस बघा. त्याला समोरच्यात काहीतरी दिसलं आणि ते त्यानं तोंडानं सांगितलं. प्रवास संपेपर्यंत शांत बसला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता.

मला माझ्या भावात तेव्हा काहीच दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. आठवीत असताना त्यानं घरातला बंद पडलेला रेडिओ उघडून चालू केला होता. ते मी कधी त्याला बोललो नाही. केट्यांबद्दल बोललो.

रविवारी उपासना झाल्यावर क्वायरची मीटिंग होती. मी थांबलो नाही. कल्याणला गेलो. जाताना गाडीत मी डायलॉग तयार करत होतो, बायको म्हणाली, पाठ करू नकोस, योहान २१ वाच.

म्हणून तेही वाचलं. पेत्रानं तीनदा म्हटलं होतं, मी त्याला ओळखत नाही. तेव्हा तो कोळशांच्या शेगोटीपाशी उभा होता. नव्या करारात कोळशांच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द फक्त दोनदा येतो. एकदा योहान १८ मध्ये, त्या अंगणात. दुसऱ्यांदा इथे, समुद्राकाठी, प्रभूनं मासे भाजायला पेटवलेला. पेत्राला तो वास ओळखीचा वाटला नसेल? प्रभू त्याला असं म्हणत नाही की जाऊ दे, मी ते रद्द केलं. तो तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा पेत्राला स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायला लावतो. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो. आणि दर वेळी प्रभू त्याला काम देतो, माझी मेंढरं सांभाळ. नुसती माफी नाही, काम.

घरी गेल्यावर आई देवळातून यायची होती. भाऊ गॅलरीत पाण्याची मोटर खोलून बसला होता. मी म्हणालो, "तू दुसऱ्या वर्षाला असताना मी तुला किचनमध्ये बोललो होतो, तुझ्याकडून नाही होणार. ते चुकलं माझं. मला ते बोलायचा हक्क नव्हता, आणि ते खरंही नव्हतं."

तो वर न बघता म्हणाला, "तुला आठवतंय?"

"नव्हतं आठवत. मंगळवारी कळलं."

बराच वेळ तो स्क्रू फिरवत राहिला. मला वाटलं रडेल, किंवा चिडेल. तसं काही झालं नाही. मग त्यानं विचारलं, "मग आता काय वाटतं तुला? होईल?"

प्रियांनो, त्या क्षणी माझ्या जिभेवर सगळी घोषणाबाजी तयार होती. नक्की होईल, प्रभू करेल, तू डोकं आहेस, शेपूट नाहीस. हे सगळं म्हणता आलं असतं आणि तो हसून "आमेन" म्हणाला असता. पण अकरा वर्षं ज्यानं माझा एक शब्द जपला, त्याला दुसरा शब्द देताना मला भीती वाटली. ही भीती मला आधी असायला हवी होती. मी म्हणालो, "अकाउंट्स तुला जमेल, गोदामाचा स्टॉक तू तोंडावर ठेवतोस. इंग्रजी जड जाईल. दर रविवारी दुपारी मी येऊन बसेन तुझ्यासोबत."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"क्वायर?"

"क्वायर सकाळी असते."

तो म्हणाला, "बघू." आणि मग, "तो पाना दे जरा." आम्ही दोघांनी मिळून मोटर बसवली. चालू झाली नाही. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं.

हे इथे टाकायच्या आधी फोनवर त्याला वाचून दाखवलं. त्यानं बाबांबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. बाकी राहू दे म्हणाला. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे. फी त्यानं अजून भरलेली नाही. मी विचारलंही नाही.

प्रार्थना करू या.

प्रभू, शुक्रवारपर्यंत चार दिवस आहेत. शिफ्ट संपल्यावर त्याला थोडी ताकद उरू दे. मी दर रविवारी म्हणालोय, तर मला एकही रविवार चुकवू देऊ नकोस. आणि आणखी कुणाच्या मनात माझं असं एखादं वाक्य पडून असेल, जे मी विसरलोय, तर तेही मला कळू दे, आणि तिथवर जायला लाव. आमेन.